बिनसरसाची पेटी

मुरुमच्या बाजारात गुरुसिद्धप्पाचं घर कुणाला विचारायची गरज पडत नसे. नाक असलं की पुरे. किराणा दुकानांच्या ओळीतून डावीकडच्या बोळात वळलं की मिरची-धण्यांचा वास मागं राहायचा आणि सरसाचा वास पुढं यायचा. हाडं आणि कातडं उकळून त्याचा जो चिकट गोळा करतात तो सरस. त्या काळी लाकडाला लाकूड जोडायचं म्हटलं की सरसावाचून कुणाचं पान हलत नसे. त्याच्या वड्या रात्री भिजत घालायच्या, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून सकाळी शिजवायच्या आणि गरम आहे तोवर हात चालवून घ्यायचा. घरात नव्यानं आलेल्या पाहुण्याला वाटावं, इथं कुठंतरी उंदीर मेलाय आणि कुणाला त्याची फिकीर नाही.

गुरुसिद्धप्पा बाजाच्या पेट्या बनवायचा आणि दुरुस्त करायचा. उमरगा, आळंद, नळदुर्गापर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्या ओट्यावर येऊन पडत. माणूस उंच, कान मोठे, बोलणं मोजकं. पेटी आली की तो आधी वाजवून बघत नसे. भाता कानाशी धरून हळूच दाबायचा आणि वारा कुठून पळतोय ते डोळे मिटून ऐकायचा. गिऱ्हाईक काही सांगायला लागलं तर म्हणायचा, “तुमी गप बसा. तिला बोलू द्या.”

बापाचं किराणा दुकान होतं, ते रझाकारीच्या धामधुमीत बसलं आणि पुन्हा उठलं नाही. गुरुसिद्धप्पा तेव्हा गुलबर्ग्याला एका उस्तादांच्या कारखान्यात पेटीचं काम शिकत होता. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तसा तो एक करवत, चार कानशी आणि उस्तादांनी दिलेली एक मोडकी पेटी घेऊन गावी आला. बाप तोवर गेला होता. घरात उरली होती आई.

म्हाळसाबाई तिचं नाव, पण सगळं गाव तिला अव्वा म्हणे. अंगानं काडी, पण आवाज असा की सोमवारी मठात बायकांच्या भजनात ती उभी राहिली की बाहेर पान चघळत बसलेले बाप्ये पान थुंकून आत येत. पखवाज वाजवणारा बलभीम हा गुरुसिद्धप्पाचा लहानपणापासूनचा सोबती. अव्वाचं पद आलं की तोसुद्धा पखवाज बाजूला सारून टाळ हातात घ्यायचा. कारण अव्वाच्या गाण्याला कातडं चालत नसे.

आणि लेकाच्या हातचं पाणीही चालत नसे. चौदा वर्षं ती त्याच्या हातचं पाणी प्यायली नव्हती.

यात भांडण नव्हतं, अबोला नव्हता. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा अव्वानं नेम धरला होता, की मारलेल्या जिवाचं काही आपल्या तोंडाला, पूजेला नि गाण्याला लागू द्यायचं नाही. नवरा गेला, नेम राहिला. गुरुसिद्धप्पानं गुलबर्ग्याहून येऊन पहिल्यांदा सरस शिजवला, त्या दिवशी ती पूजा आटोपून बाहेर आली. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे.

“काय शिजतंय रं?”

“सरस, अव्वा.”

“कशाचा असतोय त्यो?”

खोटं सांगता आलं असतं. झाडाचा डिंक आहे म्हटलं असतं तर म्हातारीला काय कळणार होतं? पण गुरुसिद्धप्पाची जीभ खोट्याला वळत नसे. हा गुण म्हणावा की खोड, ते तुम्हीच ठरवा. त्यानं खरं सांगितलं.

अव्वा उठली. आपला तांब्या, आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत गेली. “तुझा धंदा तू कर. पोट हाय, करावंच लागतंय. माझा नेम म्या करते. फकस्त तुझ्या हातचं आता मला चालायचं न्हाय.”

एकदा, एकदाच, त्यानं वाद घातला. म्हणाला, “अव्वा, कातडं कमावणाऱ्याच्या हातच्या वहाणा तर घालतीस की. त्या घालून मठात जातीस.”

“मठाच्या भाईर काढती त्या,” अव्वा म्हणाली. विषय तिथंच संपला.

पुढं लग्न झालं, निलव्वा घरात आली. अव्वाचं पाणी, जेवण, औषध सगळं तिच्या हातून होऊ लागलं. अव्वाला ताप भरला तर गुरुसिद्धप्पा उंबऱ्याशी बसून राही, कपाळावरची घडी मात्र निलव्वा बदले. त्याला हे लागायचं, फार लागायचं. आणखी एक गोष्ट लागायची. पाच तालुक्यांत त्याच्या पेट्या वाजत होत्या, पण ज्या एका आवाजाला साथ करावी असं त्याला वाटे, तो आवाज त्याच्याच घरात राहून त्याच्या पेटीपासून दूर होता.

बासष्ट साल सरता सरता तो सागाच्या फळ्या आणायला सोलापूरला गेला. तिथल्या एका सुताराकडं खुर्च्यांचं काम चाललं होतं. गुरुसिद्धप्पा तिथं बसला आणि त्याच्या ध्यानात आलं की इथं चूल नाही, भांडं नाही, वास नाही. सुतार पत्र्याच्या डब्यातून दुधासारखं पांढरं काहीतरी कुंचल्यानं घेत होता आणि थंडच लावत होता.

“सरस कुठाय तुमचा?”

“हाच की. नवीन आलाय. शिजवायची कटकट न्हाय.”

“कशाचा?”

“कारखान्यातला. कसल्याशा औषधांपासनं करतात. हाड न्हाय, कातडं न्हाय.”

गुरुसिद्धप्पा बाजारात वाढलेला माणूस. विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर कधीच धुळीला मिळाला असता. डब्याच्या काठावर वाळलेला पापुद्रा त्यानं नखानं काढला, काडी ओढून जाळला आणि नाक पुढं केलं. सरस जळला की केस जळल्याचा वास येतो, तो कुणापासून लपत नाही. हा पापुद्रा वितळला, काळा पडला, आंबूस धूर आला. केसाचा वास नव्हता. त्यानं पुन्हा जाळून पाहिला, तिसऱ्यांदा पाहिला. सुतार म्हणाला, “पाव्हणं, आता दुकान जाळता का?”

एस.टी.त तो फळ्या टपावर टाकून डबा मांडीवर घेऊन बसला. घरी आल्या आल्या त्यानं अव्वासमोर तेच जाळून दाखवलं. अव्वानं वास घेतला. डब्यात डोकावून पाहिलं.

“दिसतंय दुधावाणी. म्हणून दूध होतंय व्हय?”

“दूध न्हाय, अव्वा. पण सरसबी न्हाय.”

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, “अख्खी पेटी कर. टिचभर सरस नको, बोटभर कातडं नको. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मठात म्या गाते, तवा आण. तिच्यासंगं गाईन म्या. नि त्या दिसापासनं तुझ्या हातचं पाणीबी पिईन.” तिनं वर जोडलं, “येत्या श्रावणातच बघ. त्याच्या पुढच्या सालात गळा ऱ्हातोय का न्हाय, देव जाणे.”

तिचा आवाज त्या हिवाळ्यापासूनच वरच्या सुरात फाटायला लागला होता. दोघांनाही ते माहीत होतं.

गुरुसिद्धप्पानं त्या दिवसापासून कंबर कसली. आधी त्याला हा माल समजून घ्यायचा होता. काचेवर त्यानं एका बाजूला सरस ओतला, दुसऱ्या बाजूला तो पांढरा डिंक. वाळल्यावर सरस पिवळा नि कडक झाला, वाकवताच पापडासारखा मोडला. पांढरा डिंक वाळता वाळता आरशासारखा स्वच्छ झाला. काचेवरून सोलून काढला तर तापलेल्या दुधाच्या सायीसारखा अख्खा निघाला, घडी घातली तरी मोडेना. भात्याला दुसरं काय पाहिजे असतं? भाता म्हणजे घड्याच घड्या. पेटीचं सगळं आयुष्य त्या घड्यांच्या उघडझापेत जातं, आणि उन्हाळ्यात पहिला तडा जातो तोही तिथंच.

पण चार वेळा वाकवून कळतं काय? त्यानं घराच्या दाराची एक फळी आणि चौकट यांच्यामध्ये, बिजागरीच्या बाजूला, मांजरपाट कापडाच्या दोन पट्ट्या चिकटवल्या. एक सरसानं, एक नव्या डिंकानं. दार उघडलं की पट्ट्या वाकायच्या, मिटलं की ताणल्या जायच्या. घरातला माणूस आत-बाहेर करील तेवढी परीक्षा फुकटात होत राहायची. निलव्वा वैतागली. “अवो, दाराला पट्टी बांधलीय, त्याला काय ताप आलाय व्हय?” आठवड्यात सरसाच्या पट्टीला बारीक भेगा पडल्या, पंधराव्या दिवशी ती सुटली. दुसरी होळीपर्यंत होती तशी होती.

गावच्या शाळेत नारायणराव मास्तर विज्ञान शिकवत. गुरुसिद्धप्पा तो पापुद्रा घेऊन त्यांच्याकडं गेला. मास्तरांनी तो ताणला, उजेडात धरला.

“गुरुसिद्धप्पा, डब्यात हे पांढरं दिसतं ना, ते पाण्यात तरंगणारे फार बारीक थेंब आहेत. पाणी उडालं की थेंब एकमेकांत मिसळतात, म्हणून पापुद्रा स्वच्छ होतो. आणि एकेका थेंबात लांबच लांब धागे. शेवयांचा गुंता असतो तसे. गुंता वाकतो, ताणला जातो, पण सहजी तुटत नाही.”

“आपसूकच इतका मऊ असतोय?”

“नाही. नुसता तो जरा ठिसूळच. मऊ राहावा म्हणून कारखान्यात त्यात आणखी एक औषध घालतात. पण मऊपणा फुकट मिळत नाही हो. पाण्यात राहिला तर हा पुन्हा पांढरा पडेल, आणि उष्णतेत नरम होईल. तेवढं सांभाळा.”

“पेटी पाण्यात नि उन्हात कोण ठेवतंय, मास्तर?” गुरुसिद्धप्पा म्हणाला आणि पापुद्रा खिशात घालून घरी आला.

चैत्रापासून पेटी आकाराला यायला लागली. चौकट सांधणं सोपं गेलं. खरी अडचण होती ती कातड्याची. भात्याच्या कोपऱ्यांना शेळीचं मऊ कातडं लावतात, कारण तिथं घडी तीन बाजूंनी वळते. वाजवायच्या पट्ट्यांखालच्या गाद्यांनाही कातडंच असतं. पट्टी सोडली की ती गादी भोकावर बसते आणि वारा अडवते. गुरुसिद्धप्पानं कोपऱ्यांसाठी मांजरपाट घेतलं, डिंकात पाणी घालून तो पातळ केला आणि कापडावर एकावर एक चार हात दिले. प्रत्येक हात वाळू द्यायचा, मग पुढचा. कापडाची छिद्रं बुजली. तोंड लावून फुंकलं तरी वारा पलीकडं जाईना, आणि कापड कातड्यासारखं वळू लागलं. त्याला इतका आनंद झाला की सबंध भाताच त्यानं आतून-बाहेरून असा माखला. गाद्यांसाठी धनगराकडून जुन्या घोंगडीचे तुकडे आणले, लोकर कातरताना मेंढी मरत नाही, तरी अव्वाला विचारून घेतलं, आणि त्यांनाही वरून तोच हात दिला.

बलभीम येऊन ओट्यावर बसायचा. “गुरुसिद्धा, पेटी करतोयस का खीर?”

“खीर झाली तर तुला वाटीभर देईन.”

आषाढ संपायच्या आत पेटी उभी राहिली. अव्वा मठात गेलेली बघून त्यानं ती पहिल्यांदा वाजवली. भात्यात वारा असा भरून राहिला की एकदा दाबला की सूर सरता सरेना. निलव्वा पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. गुरुसिद्धप्पाला वाटलं, जिंकलो.

मग त्यानं ते केलं जे कुठलाही पेटीवाला करतो. उस्तादांचा पहिला धडाच तो. सूर ओळखायला शिकवण्याआधी त्यांनी हे शिकवलं होतं, “बेटा, बजाना हुआ? भाता बंद, कडी बंद. फिर उठना.” उघड्या भात्यात उंदीर शिरतो, धूळ जाते, घड्यांची वळणं बिघडतात. गुरुसिद्धप्पानं भाता दाबून मिटला, कडी लावली, पेटी दुलईत गुंडाळली आणि कुणाचा हात लागू नये म्हणून माळ्यावर ठेवली. वर पत्रा होता. श्रावणात पावसानं दडी मारली आणि तीन आठवडे पत्रा तापत राहिला.

शेवटच्या सोमवारी मठात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हाळसाबाई लेकाच्या पेटीवर गाणार ही बातमी बोळातून बाजारात आणि बाजारातून शेतात गेली होती. अव्वा पांढरं लुगडं नेसून समोर बसली. गुरुसिद्धप्पानं दुलई सोडली, कडी काढली, भात्याला हात घातला.

भाता उघडेना.

त्याला वाटलं, कडी अडकली. कडी मोकळी होती. त्यानं जोर लावला, आतून चर्र असा आवाज आला, हात जागीच थांबला. पट्टी दाबली तर ती खाली जाईना, दुसरी जाईना. घडी घडीला चिकटली होती, गादी फळीला चिकटली होती. सगळी पेटी मिळून एक ठोकळा झाली होती. मागून कुणीतरी हसलं. मठाची जुनी पेटी कुणीतरी पुढं सरकवली, “राहू द्या, ही घ्या.”

“नको,” अव्वा म्हणाली आणि टाळ उचलला.

ती नुसत्या टाळावर गायली. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या कडव्यात वरच्या सुरावर आवाज फाटला. तिनं तो पुन्हा धरायचा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मग तिनं खालच्या सुरात कसंबसं पद पुरं केलं. गुरुसिद्धप्पा बंद पेटीवर दोन्ही हात ठेवून मान खाली घालून बसला होता. आपण मेलो तर बरं, असं त्याला त्या घटकेला खरोखर वाटलं.

घरी परतल्यावर दाराशी, त्या पट्टीपाशी, अव्वा थांबली.

“फाटला का भाता?”

“न्हाय. चिकटलाय.”

“मग त्याचं काय चुकलं? चिकटायचं काम त्यानं केलं. कुठं चिकटायचं न्हाय ते तू त्याला शिकवलंच न्हाईस.” ती आत गेली. आतून तिचा आवाज आला, “गळा अजून हाय माजा. समदा न्हाय गेला.”

गुरुसिद्धप्पा दोन दिवस जेवला नाही असं काही झालं नाही. त्यानं भाकरी खाल्ली, पाणी प्यायला आणि पेटी मांडीवर घेतली. लोक म्हणाले, सोड आता, एकदा हसं झालं तुझं गावात, दुसऱ्यांदा कशाला करून घेतोस? बलभीमसुद्धा म्हणाला. गुरुसिद्धप्पानं त्याला टाळ दुरुस्त करायला सांगितलं आणि पाठ फिरवली.

मास्तरांचं म्हणणं त्याला आता आठवलं. जे औषध घडीला मऊ ठेवत होतं, त्यानंच ती उन्हात चिकट केली होती. उन्हानं नरम होतं तर थंडीनं कडक व्हायला पाहिजे. त्यानं पेटी रांजणाजवळ ओल्या वाळूशेजारी ठेवली, पाणी लागणार नाही अशी, आणि रोज पहाटे गारव्यात बांबूची घासून गुळगुळीत केलेली चोई घड्यांत सारून त्या केसाकेसानं सोडवू लागला. कुठं सुटायचं, कुठं पापुद्रा निघून यायचा. तिसऱ्या दिवशी तो मधल्या एका घडीपाशी आला आणि चोई अडखळलीच नाही. सरळ आत गेली.

त्यानं घडी उघडून उजेडात धरली. त्या जागी तीन आडवे पट्टे होते, फिक्या राखी रंगाचे, बोटांच्या रुंदीचे. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना पापुद्रा चिकटून फाटला होता. पट्ट्यांवर मात्र तो कोरा, मोकळा होता.

विभूती! त्याला उमजायला वेळ लागला नाही. रोज पूजेनंतर कपाळावर तो तीन बोटांनी विभूती ओढायचा. ज्या सकाळी भाता वाळलाय का ते बघायला तो घाईनं गेला होता, त्या सकाळी बोटं पुसायची राहिली होती. पापुद्रा पापुद्र्याला भेटू नये म्हणून मध्ये फक्त एवढीशी राख लागत होती.

चुलीतली राख त्यानं लावून बघितली. ती जाड होती, खरखरीत, पापुद्र्याला ओरखडे पडायचे. विभूती हवी होती, आणि घरातली विभूती अव्वा स्वतः करायची. शेणाच्या गोळ्या वाळवून जाळायची, राख कापडातून गाळायची, पाण्यात निवळू द्यायची, पुन्हा वाळवायची आणि वड्या करायची. तिच्या पूजेच्या कोनाड्याला गुरुसिद्धप्पा चौदा वर्षांत शिवला नव्हता. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

“अव्वा, तुझी विभूती पायजे.”

“कशाला?”

त्यानं सांगितलं. बोटांचे ठसे दाखवले. अव्वानं डोळे जवळ नेऊन ते तीन पट्टे बघितले. गुरुसिद्धप्पाला वाटलं, आता म्हणेल, देवाची राख बाजाला लावतोस? पण ती उठली, कोनाड्यातून दोन वड्या काढल्या, त्या तळहातावर कुस्करल्या आणि तिच्या पातळ जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून परत एकदा गाळायला बसली. “ही जाडी हाय अजून,” ती म्हणाली. “कपाळाला चालंल. तुझ्या घडीला न्हाय चालायची.” तीनदा गाळून तिनं ती पूड पुडीत बांधली आणि उंबऱ्यावर ठेवली.

त्यानं भाता नव्यानं माखला. या वेळी प्रत्येक हात चार-चार दिवस वाळू दिला. शेवटी कापसाच्या बोळ्यानं घडी न घडी, गादी न गादी विभूतीनं पुसली. जादा झटकून टाकली, कारण पूड सुरांत, म्हणजे आतल्या पितळी जिभल्यांत, गेली तर ते कुजबुजायला लागतात. मग भाता मिटला, कडी लावली आणि पेटी मुद्दाम, हट्टानं, माळ्यावर त्याच पत्र्याखाली ठेवली. दसऱ्यानंतरचं ऊन पाठीची सालटं काढत होतं. निलव्वा म्हणाली, “अवो, परत तिथंच? शाणपण कुठं गेलं?” तो म्हणाला, “जिथं हरली तिथंच तिला पास व्हायला पायजे.” पंधरा दिवस तिला त्यानं हात लावला नाही. तो माळ्याच्या शिडीखालून जायचा तेव्हा वर बघायचा नाही, एवढंच.

सोळाव्या दिवशी सोमवार होता. अव्वाची पूजा झाली होती. गुरुसिद्धप्पानं पेटी ओसरीत आणली, दुलई सोडली. मठ नव्हता, लोक नव्हते. निलव्वा चुलीपाशी होती आणि बलभीम टाळ आणला म्हणून सहज आला होता, असं त्याचं म्हणणं होतं. गुरुसिद्धप्पानं कडी काढली. भात्याला हात घातला, पण क्षणभर ओढेना.

“उघड की,” आतून अव्वा म्हणाली.

भाता उघडला. इतका हलका उघडला की हाताचा जोर वाया गेला. त्यानं पट्टी दाबली, सोडली. ती उचलली.

अव्वा बाहेर येऊन समोर बसली. तिनं सूर मागितला, वरचा, पूर्वीचा. त्यानं तो न देता दोन पट्ट्या खाली उतरून दिला. अव्वानं त्याच्याकडं पाहिलं. श्रावणात कुठं फाटलं होतं ते लेकानं ऐकून ठेवलं होतं हे तिला कळलं, आणि ती त्याच खालच्या सुरात गायला लागली. दुसऱ्या कडव्यात आवाज वर गेला, थरथरला. गुरुसिद्धप्पानं भाता भरून धरला आणि सूर तिच्या खाली तसाच उभा ठेवला. या वेळी आवाज फाटला नाही. बलभीम टाळ वाजवायचा विसरला. निलव्वाच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं, आणि चुलीवरची भाकर करपल्याचा वास सगळ्या घरात पसरला तरी कुणी उठलं नाही.

पद संपलं. अव्वा खोकली, छातीवर हात ठेवून दम घेतला.

“पाणी,” ती म्हणाली.

निलव्वा सवयीनं उठली.

“तू बस. त्यो आणंल.”

गुरुसिद्धप्पा उठला. रांजणाशी गेला, हात धुतले. परत धुतले. बोटांच्या बेचक्यांत काही राहिलं असेल म्हणून तिसऱ्यांदा धुवायला लागला.

“आता कातडं काढतोस का हातांचं?” अव्वा ओरडली. “आण की रं लवकर. घसा वाळलाय.”

त्यानं तांब्या भरून आणला. अव्वानं तो त्याच्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. रिकामा तांब्या परत त्याच्या हातात दिला, पदरानं तोंड पुसलं.

“भाता मीट नि कडी लाव आता,” ती म्हणाली. “उद्या सकाळी परत उघडायची हाय.”